परजीवी आत शिरला की पेशीचे निरोप कसे बदलतात

टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय नावाचा एकपेशीय परजीवी माणसाच्या पेशीत शिरतो तेव्हा त्याला सगळं मिळून जेमतेम अर्धं मिनिट लागतं. पेशीचं आवरण तो फाडत नाही. ते आत दाबत नेतो, त्याचीच एक पिशवी स्वतःभोवती ओढून घेतो आणि त्या पिशवीतच मुक्काम करतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जिवंत आणि धडधाकट दिसते. पण पुढच्या काही मिनिटांत परजीवीने सोडलेली प्रथिनं तिच्या केंद्रकात पोचलेली असतात. तिची कोणती जनुकं चालू राहणार आणि कोणती बंद होणार, हे यापुढे ती एकटी ठरवत नाही.

जगातल्या सुमारे एक तृतीयांश माणसांच्या शरीरात हा परजीवी असावा असा अंदाज आहे. बहुतेकांना तो जन्मभर काही त्रास देत नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर मात्र तो गर्भापर्यंत पोचून बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा करू शकतो. एड्समुळे किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या मेंदूत तो पुन्हा जागा होऊन जीवही घेऊ शकतो. एकच परजीवी एका माणसात वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि दुसऱ्याच्या जिवावर उठतो, असं का होतं? याचं उत्तर शोधायचं तर पेशीच्या आत एकमेकांना दिले जाणारे निरोप समजून घ्यावे लागतात. परजीवी म्हणजे आतून पोखरणारा, खाऊन टाकणारा जीव असं चित्र आपल्या मनात असतं. ते खोटं नाही, पण फार अपुरं आहे. हा जीव पेशीची संदेशयंत्रणा मोडत नाही, तीच वापरतो. या लेखात मला हेच नीट उलगडून सांगायचं आहे.

आधी निरोगी पेशी

शरीरात कुठेतरी संसर्ग झाला की काही पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन रक्तात आणि ऊतींमध्ये सोडतात. सावध राहा, आत कोणीतरी शिरलं आहे, असा त्याचा अर्थ. पण हे प्रथिन पेशीच्या आत जात नाही. पेशीच्या आवरणावर त्याच्यासाठीचा ग्राही असतो, त्यावर ते बाहेरून बसतं. ग्राहीचं दुसरं टोक पेशीच्या आत असतं आणि त्या टोकाला जॅक-१ आणि जॅक-२ ही विकरं, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं, चिकटलेली असतात. बाहेर इंटरफेरॉन बसलं की आतली ही विकरं जागी होतात आणि स्टॅट-१ नावाच्या प्रथिनावर एका ठरावीक जागी फॉस्फेटचा एक गट चिकटवतात.

फॉस्फेट म्हणजे फॉस्फरसचा एक अणू आणि भोवती ऑक्सिजनचे चार. आकाराने क्षुल्लक, पण त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. तो चिकटला की प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते कोणाला धरणार, कोणाला सोडणार हेही बदलतं. फॉस्फेट लागलेली स्टॅट-१ ची दोन प्रथिनं एकमेकांना धरतात, जोडीने केंद्रकात जातात, डीएनएवरच्या ठरावीक जागांवर बसतात आणि शेकडो जनुकं कामाला लागतात. बाहेरचा निरोप असा आतल्या कृतीत उतरतो.

फॉस्फेट चिकटवणाऱ्या विकरांना काइनेज म्हणतात. माणसात अशी पाचशेहून जास्त काइनेज आहेत. फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांना फॉस्फटेज म्हणतात. निरोप देणं जितकं महत्त्वाचं तितकंच तो वेळेवर थांबवणंही, म्हणून पेशीला दोन्ही लागतात. वाढायचं की थांबायचं, विभागायचं की मरायचं, लढायचं की जखम भरायची, हे सगळे निर्णय बऱ्याच अंशी या चिकटवण्या-काढण्यावर चालतात.

आता या निरोपाचा टॉक्सोप्लाझ्मावर काय परिणाम होतो ते पाहा. १९८४ साली एल्मर फेफरकॉर्न यांनी दाखवलं की इंटरफेरॉन गॅमा मिळालेल्या माणसाच्या पेशी स्वतःजवळचं ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल मोडून टाकतात. टॉक्सोप्लाझ्माला ट्रिप्टोफॅन स्वतः बनवता येत नाही. पेशीतला साठा संपला की त्याची वाढ थांबते. पेशी त्याला मारत नाही, उपाशी ठेवते. हा निरोप नीट पोचला तर परजीवीची खैर नाही. म्हणून त्याच्या सगळ्या उत्क्रांतीचा रोख या निरोपाकडे आहे.

तयारीनिशी आलेला पाहुणा

टॉक्सोप्लाझ्माच्या शरीरात प्रथिनांनी भरलेल्या तीन प्रकारच्या कुप्या असतात. पहिल्या प्रकारच्या कुप्यांतली प्रथिनं पेशीला चिकटायला उपयोगी पडतात. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे रॉप्ट्री, आत शिरतानाच यजमान पेशीत रिकाम्या होतात. तिसऱ्या प्रकारच्या कुप्यांना घनकणिका म्हणतात. त्या आत गेल्यावर पिशवीत सावकाश आपला माल सोडत राहतात.

शिरण्याची पद्धत तर थक्क करणारी आहे. कोणत्याही रोगजंतूला पेशीवर धरायला काहीतरी लागतं, आणि बहुतेक रोगजंतू पेशीच्या स्वतःच्या ग्राहीला धरतात. टॉक्सोप्लाझ्मा धरायची जागा सोबत घेऊन येतो. रॉप्ट्रीच्या मानेतलं एक प्रथिन तो आधी पेशीच्या आवरणात रोवतो आणि मग स्वतःच्या अंगावरच्या दुसऱ्या प्रथिनाने त्यालाच पकडून आत सरकतो. त्यामुळे त्याला ठरावीक जातीची पेशी शोधावी लागत नाही. उष्ण रक्ताच्या प्राण्याची केंद्रक असलेली जवळजवळ कोणतीही पेशी त्याला चालते: स्नायूची, यकृताची, मेंदूची, अगदी त्याला गिळायला आलेली पांढरी पेशीसुद्धा.

आत शिरताना आवरणातली यजमानाची बरीच प्रथिनं बाहेर गाळली जातात. पेशीत लायसोसोम नावाच्या आम्लाच्या पिशव्या असतात, आत आलेली परकी वस्तू त्या पचवतात. पण कोणत्या पिशवीला जाऊन मिळायचं हे त्या पिशवीवरच्या प्रथिनांवरून ठरतं. परजीवीच्या पिशवीवर ती प्रथिनंच नसतात, त्यामुळे लायसोसोम तिच्या वाटेला जात नाहीत.

पाठवणाऱ्याशिवायचा निरोप

रॉप्ट्रीतून पेशीत सोडल्या जाणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचं नाव रॉप-१६. ते स्वतःच एक काइनेज आहे, म्हणजे फॉस्फेट चिकटवणारं विकर. ते थेट केंद्रकाकडे जातं आणि वाटेत स्टॅट-३ आणि स्टॅट-६ या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवतं. ही स्टॅट-१ ची भावंडं. एरवी ती बाहेरून येणाऱ्या वेगळ्या निरोपांची वाट पाहत असतात, आणि त्या निरोपांचा अर्थ साधारणपणे असा असतो: लढाई आवरती घ्या, जखमा भरायला लागा.

म्हणजे बाहेर कोणीही लढाई थांबवायला सांगितलेलं नाही. ग्राहीवर काही बसलेलं नाही. तरी पेशीच्या आत तो निरोप पोचलेला आहे, बरोबर त्याच प्रथिनावर, बरोबर त्याच जागी लावलेल्या फॉस्फेटच्या रूपात. खरा आणि खोटा निरोप यात पेशीला फरक करता येत नाही, कारण रासायनिकदृष्ट्या त्यांत फरकच नाही. पेशी चुकलेली नसते. तिला मिळालेला निरोप ती प्रामाणिकपणे पाळत असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हे कळलं कसं, तीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. टॉक्सोप्लाझ्माचे तीन मुख्य वाण आहेत, पहिला, दुसरा आणि तिसरा अशाच नावांनी ते ओळखले जातात, आणि त्यांची वागणूक वेगवेगळी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन बूथरॉइड यांच्या प्रयोगशाळेत वाणांच्या संकरातून जन्मलेल्या परजीवींची लागण माणसाच्या पेशींना करून पेशींची कोणती जनुकं बदलतात ते मोजलं गेलं. परजीवीच्या कोणत्या गुणसूत्राचा कोणता तुकडा कोणत्या आई-बापाकडून आला, याच्याशी ते बदल ताडून पाहिले, तेव्हा बोट रॉप-१६ वर गेलं. याच काळात रॉप-१८ हे दुसरं काइनेजही अशाच वाटेने सापडलं. नंतर असंही दिसलं की दुसऱ्या वाणातलं रॉप-१६ हे काम नीट करत नाही, आणि त्याला एका अमिनो आम्लाचा फरक पुरतो. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीतली एक कडी बदलली आणि यजमान पेशीचं वागणं बदललं.

मग तो स्वतःच धोक्याची सूचना का देतो?

इथपर्यंत चित्र सरळ आहे: परजीवी पेशीचा प्रतिकार दाबतो. पण त्याच दुसऱ्या वाणात ग्रा-१५ नावाचं घनकणिकांतलं प्रथिन आहे आणि ते नेमकं उलट करतं. ते एनएफ-कॅप्पा-बी ही साखळी चालू करतं. ही साखळी पेशीची धोक्याची सूचना आहे. ती चालू झाली की दाह वाढतो, पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-१२ हे निरोप देणारं प्रथिन बनवतात आणि त्याच्या प्रभावाने शेवटी इंटरफेरॉन गॅमा तयार होतं. जे परजीवीला मारू शकतं, तेच. ग्रा-२४ हे आणखी एक प्रथिन केंद्रकात जाऊन पी-३८ या यजमानाच्या काइनेजला धरून ठेवतं आणि ते काइनेज स्वतःलाच फॉस्फेट लावून घेतं. एरवी त्याला वरच्या साखळीकडून आदेश लागतो, इथे तोही लागत नाही. याचाही परिणाम दाह वाढण्याकडेच जातो.

स्वतःवर संकट ओढवून घेणारी प्रथिनं एखादा जीव का बाळगेल? टॉक्सोप्लाझ्माचं लैंगिक पुनरुत्पादन फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं. उंदराच्या शरीरात तो असतो तेव्हा ते मुक्कामाचं ठिकाण नसतं. उंदराच्या मेंदूत आणि स्नायूंत पुटी, म्हणजे स्वतःभोवती बंद कवच, करून मांजर त्या उंदराला खाईपर्यंत वाट पाहायची असते. पुटी तयार होण्याआधीच उंदीर मेला तर परजीवीचाही प्रवास तिथेच संपतो. पहिल्या वाणाचा एकच परजीवीसुद्धा प्रयोगशाळेतल्या उंदराला मारू शकतो. दुसरा वाण उंदराच्या प्रतिकारशक्तीला पुरेसं जागं ठेवतो, म्हणून उंदीर जगतो आणि परजीवी पुटीत टिकतो.

संसर्गाकडे आपण हल्ला आणि बचाव या जोडीनेच पाहत आलो आहोत. ग्रा-१५ ती जोडी मोडतं. इथे परजीवीला जिंकायचं नाही. त्याला निरोपांची मात्रा सांभाळायची आहे: प्रतिकार इतका कमी नको की यजमान मरेल आणि इतका जास्त नको की आपण मरू. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात इथे होते. निरोगी माणसात ही मात्रा जमलेली असते. प्रतिकारशक्तीची बाजू कोसळली की परजीवी तोच असूनही तोल जातो.

दारापर्यंत आलेलं टपाल

इंटरफेरॉनच्या निरोपाचं काय होतं, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. टॉक्सोप्लाझ्माची लागण झालेल्या पेशींना इंटरफेरॉन गॅमा दिलं तर स्टॅट-१ ला फॉस्फेट लागतं. ते केंद्रकातही जातं. साखळी कुठेच तुटलेली दिसत नाही, तरी जनुकं चालू होत नाहीत.

२०१६ साली दोन स्वतंत्र गटांनी याचं कारण असलेलं प्रथिन शोधलं: टीजी-आयएसटी. हे प्रथिन परजीवी पिशवीतून बाहेर सोडतो, ते केंद्रकात जातं आणि स्टॅट-१ ला धरतं. त्याच वेळी ते यजमान पेशीतलाच प्रथिनांचा एक मोठा गट तिथे ओढून आणतं. डीएनए घट्ट गुंडाळून जनुकं मिटवून ठेवणं हे या गटाचं रोजचं काम. शरीराची वाढ होताना नको असलेली जनुकं बंद ठेवायला पेशी त्याचा उपयोग करते. टीजी-आयएसटी त्याला चुकीच्या ठिकाणी नेऊन उभं करतं. टपाल दारात आलं आहे, पण पाकीट उघडणाऱ्याचे हात कोणीतरी धरून ठेवले आहेत, असा हा प्रकार.

यात वेळेला फार महत्त्व आहे. पेशीला आधी इंटरफेरॉन मिळालं आणि परजीवी नंतर आला, तर बचावाची प्रथिनं तयार होऊन बसलेली असतात आणि परजीवीची बाजू लंगडी पडते. परजीवी आधी आला तर नंतर कितीही इंटरफेरॉन आलं तरी त्या पेशीला ते फारसं ऐकू येत नाही. शेजारी-शेजारी असलेल्या दोन पेशींचं भवितव्य कधीकधी काही तासांच्या फरकाने ठरतं.

मेंदूतली एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा अस्वस्थ करते. अनिता कोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉप्ट्रीतली प्रथिनं टोचली गेलेली प्रत्येक पेशी रंगाने उजळून निघेल असे उंदीर आणि परजीवी वापरले. मेंदूत उजळलेल्या बहुतेक चेतापेशींमध्ये परजीवी नव्हताच. म्हणजे परजीवी पेशीला प्रथिनं टोचतो आणि आत न शिरता पुढे जातो, किंवा पेशी त्याला नंतर संपवते. दोन्ही शक्यतांत एक गोष्ट खरी ठरते: किती पेशींत परजीवी दिसतो यावरून किती पेशींचे निरोप बदललेत ते कळत नाही.

बाकीचे परजीवी, वेगळ्या वाटा

लिशमॅनिया हा काळा आजाराचा परजीवी. १९०३ साली विल्यम लीशमन आणि चार्ल्स डोनोवन यांनी त्याचं स्वतंत्रपणे वर्णन केलं. वाळूमाशी चावते तेव्हा तो शरीरात येतो आणि राहतो तो महाभक्षक पेशीत, म्हणजे रोगजंतूंना गिळून पचवणं हेच जिचं काम आहे त्या पेशीत. टॉक्सोप्लाझ्मा स्वतःचं काइनेज आणतो, तर लिशमॅनिया यजमानाचं फॉस्फटेज कामाला लावतो. त्याच्या अंगावर जीपी-६३ नावाचं प्रथिनं कापणारं विकर असतं. महाभक्षक पेशीतल्या एसएचपी-१ आणि इतर काही फॉस्फटेजना ते कापतं, आणि कापल्यामुळे ती निकामी होत नाहीत, उलट जास्त जोराने काम करू लागतात. मग जॅक-२ वर लागलेलं फॉस्फेट निघून जातं. इंटरफेरॉन बाहेर ग्राहीवर बसलेलं आहे, पण निरोप पहिल्याच पायरीवर पुसला जातो. एसएचपी-१ नसलेल्या उंदरांमध्ये लिशमॅनियाला पाय रोवणं अवघड जातं, यावरून या एका विकराचं वजन कळतं.

ट्रिपॅनोसोमा क्रुझाय हा शागास रोगाचा परजीवी आणखी वेगळा. टॉक्सोप्लाझ्मा ज्या लायसोसोमना टाळतो, त्यांनाच हा बोलावतो. तो पेशीला चिकटला की पेशीत कॅल्शियमची पातळी वाढते. आवरणाला इजा झाली की पेशीत असंच होतं, आणि दुरुस्तीसाठी लायसोसोम आवरणाकडे धावतात. परजीवी त्या दुरुस्तीच्या वाटेनेच आत शिरतो, काही काळ लायसोसोममध्ये राहतो आणि मग ते फोडून पेशीद्रवात मोकळा होतो.

मलेरियाचा परजीवी यकृताच्या पेशीत असताना असे फेरफार करतो, पण लाल रक्तपेशीत त्याला ती सोयच नाही. माणसाच्या पक्व लाल पेशीत केंद्रक नसतं, म्हणजे चालू-बंद करायला जनुकंच नाहीत. तिथे तो स्वतःची शेकडो प्रथिनं बाहेर पाठवून पेशीची बांधणीच बदलतो.

थायलेरिया माणसाला होत नाही, गाईगुरांना होतो, पण त्याचं उदाहरण टाळता येत नाही. गुरांच्या पांढऱ्या पेशीत शिरून तो त्यांच्या वाढीचे निरोप सतत चालू ठेवतो, आणि त्या पेशी कर्करोगाच्या पेशींसारख्या विभागायच्या थांबता थांबत नाहीत. औषधाने आतला परजीवी मारला की हे विभाजन थांबतं. पेशीचा डीएनए बिघडलेला नव्हता, फक्त निरोप बदललेला होता, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

उंदीर आणि माणूस

टॉक्सोप्लाझ्माविषयीचं आपलं बरंच ज्ञान उंदरांवरून आलं आहे आणि इथे सांभाळून राहायला हवं. उंदराच्या पेशीत परजीवीची पिशवी फोडणाऱ्या प्रथिनांचं एक मोठं कुटुंब आहे. रॉप-१८ त्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून त्यांना निकामी करतं, म्हणून उंदरांत त्याला जीवन-मरणाचं महत्त्व. माणसात ते कुटुंब जवळजवळ नाहीच. उंदीर परजीवीचं एक प्रथिन ओळखायला जे ग्राही वापरतो, तेही माणसात कामाचे उरलेले नाहीत. माणसात वेगळी व्यवस्था दिसते: लागण झालेल्या पेशी मरताना एस-१००-ए-११ नावाचं प्रथिन बाहेर सोडतात आणि पांढऱ्या पेशी परजीवीपेक्षा या मोडतोडीच्या खुणेवरून सावध होतात. म्हणून उंदरातल्या निष्कर्षावरून कोणी माणसाबद्दल ठाम विधान करत असेल, तर प्रयोग कोणत्या पेशींवर झाला होता हे आधी विचारावं.

उपचारांकडे

टॉक्सोप्लाझ्मासाठी पायरीमेथामिन आणि सल्फाडायझिन ही औषधं एकत्र दिली जातात. ती भराभर वाढणाऱ्या परजीवीला आवरतात, पुटीतल्या परजीवीला मारत नाहीत. म्हणून प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाला ती दीर्घकाळ घ्यावी लागतात.

निरोपाच्या बाजूने उपचार करता येईल का? काळा आजाराच्या इतिहासात याची एक झलक आहे. सोडियम स्टिबोग्लुकोनेट हे अँटिमनीचं औषध कित्येक दशकं वापरलं जात होतं, परजीवीला मारणारं औषध म्हणून. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की ते एसएचपी-१ ला रोखतं. लिशमॅनिया ज्या फॉस्फटेजचा जोर वाढवतो, तेच हे. म्हणजे औषधाचा काही परिणाम यजमान पेशीचा पुसला गेलेला निरोप परत मिळवून देण्यातूनही होत असावा. १९९० साली ब्राझीलमध्ये अँटिमनीसोबत इंटरफेरॉन गॅमा देऊन अवघड रुग्णांवर उपचार करून पाहिले गेले होते, त्यामागचा विचारही याच दिशेचा होता.

यजमानाच्या बाजूने काम करणाऱ्या औषधाचा मोठा फायदा असा की परजीवीच्या जनुकांत बदल होऊन त्याला थेट दाद न देण्याची शक्यता कमी राहते, कारण औषधाचं लक्ष्य आपल्या पेशीत असतं. अडचणही तिथेच आहे. जॅक आणि स्टॅट फक्त संसर्गासाठी नाहीत. रक्तपेशी तयार होण्यापासून जखम भरण्यापर्यंत त्यांची कामं आहेत. संधिवातासाठी जॅक रोखणारी औषधं देतात तेव्हा रुग्णाला संसर्गाचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना रोज सांभाळावं लागतं. त्यामुळे यजमानाचं प्रथिन आणि त्याला धरणारं परजीवीचं प्रथिन यांच्यामधली नेमकी जागा अडवणं जास्त आशादायक वाटतं. टीजी-आयएसटी, ग्रा-२४ यांसारख्या प्रथिनांना पिशवीच्या पडद्यातून बाहेर पडायला परजीवीने बसवलेलं एक द्वार लागतं. त्या द्वाराचा मायर-१ हा भाग काढून टाकला की ही प्रथिनं पिशवीतच अडकून पडतात. माणसाच्या पेशीत असं द्वार नसतं, म्हणून ते बंद करणारं औषध मिळालं तर आपल्या स्वतःच्या निरोपांना हात लावावा लागणार नाही.